साळवे सरांचा सातवा दगड

या लेखापुढे प्रश्न एकच आहे, आणि तो आरंभीच मांडलेला बरा. संगमनेरहून पश्चिमेला डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याने दिवेलागणीच्या सुमारास सायकलवरून जाणाऱ्या, तो रस्ता पूर्वी कधीही न पाहिलेल्या माणसाला गेणूतात्यांच्या द्राक्षमळ्याच्या कोपऱ्यावरील दगडावरचा आकडा वाचता येतो की नाही?

प्रश्न माझा नव्हे. तो शांतवन साळवे यांचा होता. पिंपळदऱ्याच्या शाळेत ते भूमिती आणि भूगोल शिकवत. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवण्यास गेलो तेव्हा सत्तरचे दशक नुकते सुरू झाले होते. सर मूळचे श्रीरामपूरचे. वडील तिथल्या ख्रिस्ती शाळेत शिक्षक होते, एवढेच मला त्यांच्या घराविषयी ठाऊक आहे. त्यांचे चरित्र मी सांगू शकणार नाही. त्यांची सायकल मात्र सांगू शकेन.

ती काळी, उंच, चोवीस इंची सांगाड्याची होती. पुढच्या चाकाच्या एका तारेला चामड्याचा लहानसा तुकडा बांधलेला असे. चाक एकदा फिरले की तो तुकडा दांडीवर आपटून 'टक्' असा आवाज होई. सर ते आवाज मोजत. चाकाचा परीघ त्यांनी सुतळीने मोजून ठेवलेला होता. त्यामुळे बोलता बोलता, क्वचित प्रार्थनेतले एखादे गीत गुणगुणतानाही, आपण किती अंतर आलो हे त्यांना सांगता येई. परिघाचे सूत्र आमच्या शाळेतील एकही मूल कधी विसरले नाही, याचे श्रेय त्या चामड्याला आहे. सर दिसण्यापूर्वी ऐकू येत.

दर रविवारी, संगमनेरची उपासना आटोपून, ते पँटच्या पायांना क्लिपा लावून निघत. प्रवरेच्या खोऱ्यातील द्राक्षमळे मागे टाकत, करवंदीच्या जाळ्यांमधून खिंडीपर्यंत चढत आणि संध्याकाळी परत येत. चढावर ते दमण्यापूर्वीच खाली उतरत. "दमल्यावर उतरणारा सायकलला दोष देतो," ते म्हणत, "आधी उतरणारा रस्ता पाहतो." वर्गातही त्यांची हीच रीत होती. मुलगा उत्तर सांगू लागला की ते हात वर करून त्याला थांबवत आणि विचारत, "पाहिलं की वाटलं?" हे तीन शब्द गावात इतके रुळले होते की बाजारात वांगी घेणाऱ्या बायकाही "ताजी हायेत" म्हणणाऱ्या माळणीला विचारत, "पाह्यलं का वाटलं गं?"

माझी त्यांची पहिली भेट संगमनेरच्या एस. टी. स्टँडवर झाली. डिसेंबरचे दिवस होते. शेवटची गाडी चुकली होती. सर मला घेण्यास आले होते. शेजारी भाड्याची दुसरी सायकल उभी होती.

"शेंडे ना? ट्रंक दुकानात ठेवा, उद्या येईल. तुम्ही पुढे व्हा, मी मागे आहे."

"रस्ता ठाऊक नाही, सर."

"म्हणूनच पुढे व्हा. गावाशी मोठी चिंच आहे. तिथे मी हाक मारीन."

नव्या माणसाला पुढे घालण्याचे मला नवल वाटले. पण विज्ञानाचा शिक्षक म्हणून आपली परीक्षा पाहिली जात असावी, अशी शंका आल्याने मी नजर सावध ठेवली. डावीकडे द्राक्षांचे मांडव होते. नुकत्याच फुटलेल्या पानांवर मोरचुदाचा निळसर थर होता. ऊन गेले होते, उजेड पुरता गेला नव्हता. मागे सारखे टक्, टक्, टक्. एका मळ्याशी तो आवाज मंदावला. मी वळून पाहिले. सर माझ्याकडेच पाहत होते. मी पुढे गेलो, तसा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्यांच्या खोलीत स्टोव्हवर चहा उकळत असताना त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "वाटेत दगड किती लागले?"

"आठ," मी तत्काळ म्हणालो. माझी तयारी होती. "त्यातला एक जरा तिरपा होता."

"तिरप्यावर काय होतं?"

"सात."

"आणि चिंचेपाशी?"

मी आठवून पाहिले. "तिथेही... सात." असे कसे होईल, हे उच्चारता क्षणीच माझ्या ध्यानात आले आणि मी ओशाळून हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी स्टोव्ह बंद केला.

"पाहिलं की वाटलं?"

नोकरीचा पहिला दिवस. गाव सात किलोमीटरवर आहे, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेले. समोर वयाने वडील, गणिती माणूस. मी म्हणालो, "वाटलं असेल, सर. सातच असणार."

त्यांनी दीर्घ श्वास सोडला. वजन उचलून धरलेल्या माणसाने ते खाली ठेवावे तसे त्यांचे खांदे उतरले. मग त्यांनी माझ्या कपात स्वतःच्या कपातला अर्धा चहा ओतला. त्या उबदार वागणुकीचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मला ती आवडली, हे मात्र मी कबूल केले पाहिजे.

अर्थ कळला तो महिन्याभराने, गेणूतात्यांकडून. तिरपा दगड त्यांच्याच मळ्यात होता.

घडले ते असे. रस्त्यावरचे जुने मैलाचे दगड काढून तिथे किलोमीटरचे नवे दगड बसवण्यात आले. जुने दगड कडेला पडून राहिले. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा ताणून धरण्यासाठी कोपऱ्यावर जड दगड अर्धा पुरून त्याला तार बांधावी लागते. तात्यांनी बैलगाडीतून चार-पाच जुने दगड आणले आणि पुरले. त्यातला सातव्या मैलाचा दगड नेमका रस्त्यालगतच्या कोपऱ्यावर आला, म्हणजे नव्या सहाव्या आणि सातव्या किलोमीटरच्या मध्ये. त्याच्या शेजारून बैलगाडीची वाट डावीकडे मळ्यात उतरत होती, आणि ती उताराने थेट विहिरीवर जात होती. विहिरीला कठडा नव्हता.

ऑक्टोबरात शाळेचा श्रमदानाचा सप्ताह असे. त्या वर्षी सरांनी मुलांना रस्त्याचे दगड रंगवण्याचे काम दिले: पांढरा चुना, वर पिवळा पट्टा, काळा आकडा. चुना पावसाने धुपू नये म्हणून त्यात डिंक घालण्याची कृती सरांचीच. संध्याकाळी ते काम पाहत सायकलवरून आले, तेव्हा तात्यांच्या कोपऱ्यावरचा दगडही पांढराशुभ्र झालेला आणि त्यावरचा कोरीव सात काजळीने भरलेला.

"हा का रंगवला रे?" सरांनी विचारले.

"सर, तुमीच म्हनला हुता की, येक बी दगड सोडायचा न्हाई!"

सर मोठ्याने हसले. तात्याही हसले. "ऱ्हाऊ द्या मास्तर," ते म्हणाले, "माझा दगड बी सरकारी झाला म्हना की!" सर म्हणाले, "राहू दे. सोमवारी पुसू."

तो सोमवार आला आणि गेला.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत विज्ञानाचे नवे शिक्षक रुजू व्हायचे होते. वसंत देवकर हे त्यांचे नाव. भिंगारचे, वय चोवीस-पंचवीस. सरांनी त्यांना पोस्टकार्डावर रस्ता कळवला होता: गाडी चुकल्यास स्टँडसमोरून सायकल घ्यावी, पश्चिमेच्या रस्त्याने यावे, सातव्या दगडापाशी डावीकडे वळावे, शाळा समोरच दिसेल. त्या पत्रात एकही शब्द जास्तीचा नव्हता आणि एकही चुकीचा नव्हता. देवकरांनी ते सायकलवाल्याला वाचून दाखवले आणि दिवेलागणीला निघाले. सकाळी तात्यांना विहिरीच्या पाण्यावर टोपी तरंगताना दिसली.

त्यांच्या रिकाम्या जागेवर माझी नेमणूक झाली होती.

तात्या हे सांगत असताना दोन्ही हातांनी मांडवाची तार धरून उभे होते. शेवटी म्हणाले, "पोरगं दगूड बघून वळलं, का सायकलच न्हाई आवरली, देवाला ठावं. म्या मास्तरला लई येळा सांगितलं, इसरा आता. तर मास्तर मलाच इचारत्यात, तात्या, तुमी पाह्यलं का तुमाला वाटलं?"

यानंतर सरांच्या कितीतरी सवयी मला उलगडल्या. वाट सांगताना ते आकडा का टाळत, आणि 'चिंच', 'देऊळ', 'ओढा' असेच का म्हणत, ते कळले. तात्यांच्या मळ्यातील द्राक्षे ते पूर्वी टोपलीभर नेत आणि चर्चमधील प्रभुभोजनाचा द्राक्षारस त्यांचाच होई. तात्या थट्टेने म्हणत, "मास्तर, तुमच्या देवाला माझाच माल लागतो!" अपघातानंतर सर संगमनेरच्या बाजारातून मनुका घेऊन त्या उकळू लागले. तात्यांनी टोपली पुढे केली की ते हात जोडत.

आणि दगड? तो पुसला जाईल असे कोणालाही वाटेल. सरांनी प्रथम मुलांना घेऊन विहिरीला कमरेइतका कठडा बांधला आणि वाटेवर काटेरी झापा, म्हणजे फांद्यांचे फाटक, लावला. पण दगडावरचा चुना त्यांनी पुसू दिला नाही. उलट, दर ऑक्टोबरात स्वतःच्या हाताने त्याच प्रमाणात डिंक घालून त्यांनी तो नवा केला आणि सात पुन्हा काळा भरला. काकूंना, म्हणजे तात्यांच्या पत्नीला, हे मुळीच रुचत नसे.

"आवं गुरुजी, झालं ते झालं. मढ्याला रोज न्हाऊ घालायचं का?"

"काकू, तो बदलला तर मला कधीच कळणार नाही," सर म्हणत.

त्यांची अडचण मी शास्त्राच्या भाषेत सांगतो. दगडावर सात आहे, हे त्यांना ठाऊक होते. ज्याला ठाऊक आहे त्याला तो अंधारातही दिसणार. त्याचे दिसणे हा पुरावा नव्हे. म्हणून त्यांना नवखा माणूस हवा असे. लसीकरणासाठी आलेला कर्मचारी, वाट चुकलेला पाहुणा, तपासणीस अधिकारी, अशा प्रत्येकाबरोबर ते संध्याकाळी सायकलवरून येत, स्वतः मागे राहून, आणि नंतर चहा पाजून विचारत, "दगड किती लागले?" बहुतेक म्हणत, "लक्ष नव्हतं, गुरुजी." सांगण्याजोगे उत्तर तोपर्यंत मी एकट्यानेच दिले होते, आणि तेही लगेच मागे घेतले होते.

माझे आठ हेच खरे होते, हे मी तात्यांकडून सगळे कळले त्याच दिवशी त्यांना सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्यांचे उतरलेले खांदे मला दिसत राहिले.

एका हिवाळ्यात गावात बोलवा उठली, की तात्यांच्या मळ्यात तिन्हीसांजेला सायकल वाजते. काकूंनी स्वतः ऐकले होते. सर वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले.

"कसा आवाज?"

"तुमच्या चाकाचा हाय ना, तसाच. टक्... टक्... इहिरीकडं जानारा."

"मग मीच असेन. मी रोज जातो."

"तुमी त्या दिशी शिरामपूरला गेल्ता."

सरांनी लिहिणे थांबवले. त्यानंतर तीन संध्याकाळी ते मळ्यात बसले. मीही सोबत होतो. तिसऱ्या दिवशी, गारवा पडू लागला तसा, मांडवात खरोखरच आवाज झाला: टक्. काही वेळाने पुन्हा टक्. सर उठले आणि हाताने चाचपत गेले. तिरप्या दगडाला बांधलेली तार थंडीने आकसत होती आणि खांबावरच्या खिळ्याला घासून सुटत होती. त्यांनी काकूंना ते समजावून सांगितले, तार हातात देऊन दाखवले.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. "तार हाय म्हनता?"

"तार."

"थंडी रोज पडती. मग तार रोज का वाजत न्हाई?"

सरांनी वहीत हा प्रश्न लिहिला. खाली उत्तरासाठी जागा सोडली. ती वही मी पुढे पाहिली आहे. ती जागा कोरीच आहे.

त्यानंतर पाऊस न झालेले वर्ष आले. विहिरी तळाला गेल्या. तात्यांनी विहिरीतला गाळ काढायला घेतला, आणि एका दुपारी ते शाळेत आले ते हातात पत्र्याची गंजलेली डबी घेऊन. डबीत चष्मा होता. दोन्ही भिंगे शाबूत.

ती डबी टेबलावर ठेवली गेली तेव्हा तिचा अर्थ आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळला. चष्मा डबीत होता, याचा अर्थ देवकरांनी तो त्या वेळी लावलेला नव्हता. तो जवळचे वाचण्याचा असेल तर काहीच सिद्ध होत नव्हते. पण तो दूरचे पाहण्याचा असेल, तर चालत्या सायकलवरून दगडावरचा आकडा त्यांना दिसणे अवघडच होते. ते दगड पाहून वळलेच नव्हते. मग उतार, अंधार, भाड्याच्या सायकलचे ब्रेक, काहीही कारण असू शकत होते. पण सात नव्हे.

"सर, एक मिनिट लागेल," मी म्हणालो. "भिंग अक्षरांवर धरायचं. अक्षरं लहान दिसली तर दूरचा, मोठी दिसली तर जवळचा."

मी हात पुढे केला. सरांनी डबीवर हात ठेवला.

"नको, शेंडे."

"पण सर, तुम्ही इतकी वर्षं..."

"ही वस्तू आपली नाही."

प्रत्येक गोष्ट मोजणारा हा माणूस, हाताशी आलेले एकमेव माप घेण्यास नकार देत होता. मी त्या वेळी रागावलो. आज वाटते, की आपली सुटका आपल्याच हाताने तपासून पाहण्याचा अधिकार त्यांना मान्य नव्हता. पण हे मला वाटते. मी पाहिलेले नाही.

पुढच्या शनिवारी पहाटे ते डबी रुमालात बांधून सायकलवर नगरलगतच्या भिंगारला निघाले. नगरपर्यंतचे अंतर मोठे, आणि तेव्हाचा रस्ता उन्हाने फुटलेला. मी गाडीने जाण्याचा आग्रह केला. "चालत गेलो नाही, हेच पुष्कळ आहे," ते म्हणाले. सोमवारी ते परतले ते ओठ फाटलेले, चेहरा काळवंडलेला.

मी विचारले, "त्यांच्या आईंना विचारलंत? चष्मा कसला होता ते?"

"विचारायचं ठरवून गेलो होतो."

"मग?"

सरांनी सायकल भिंतीला टेकवली. "त्यांनी डबी उघडली, पदरानं काचा पुसल्या आणि तो चष्मा स्वतः लावला. मला म्हणाल्या, भाऊ, बसा. मग तो चष्मा लावूनच त्यांनी मला जेवायला वाढलं. ताटात भाजी कुठे पडते आहे हे त्यांना नीट दिसत नव्हतं. तरी काढला नाही." त्यांनी पँटच्या क्लिपा काढल्या. "अशा वेळी प्रश्न विचारता येत नाही, शेंडे."

"दगडाचं सांगितलंत?"

"ते सांगितलं. सोमवारी पुसू म्हणालो होतो, तेही सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"भात वाढला."

त्या ऑक्टोबरातही त्यांनी दगड रंगवला.

वर्षभराने त्यांची श्रीरामपूरला बदली झाली. त्या सकाळी मी संगमनेर स्टँडवर गेलो. हमाल सायकल एस. टी.च्या टपावर चढवत होता. सर खाली उभे राहून सूचना देत होते: "पुढचं चाक वर... चामड्याला धक्का नको." गाडी सुटण्यास पाच मिनिटे होती. इतकी वर्षे न बोललेले मी बोललो.

"सर, पहिल्या दिवशी मी आठ म्हणालो होतो. तेच खरं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी सात केले."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. वर्गात मूल उठून उभे राहिले की ते जसे पाहत, तसे ते पाहणे होते.

"पाहिलं की वाटलं?"

मी तोंड उघडले आणि थांबलो. त्या रस्त्याने मी त्यानंतर शेकडो वेळा गेलो होतो. तो तिरपा दगड, तो काळा सात आता डोळे मिटूनही मला दिसत होता. पहिल्या संध्याकाळचा सात त्यातला कोणता, हे मला वेगळे काढता येईना.

"आता सांगता येत नाही, सर."

"बरोबर," ते म्हणाले. "उत्तर बरोबर आहे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गाडीत चढले. गाडी वळली तेव्हा टपावरच्या सायकलचे पुढचे चाक वाऱ्याने फिरू लागले होते. फाटकाबाहेर पडेपर्यंत मला तो आवाज ऐकू येत होता. मी मोजायला सुरुवात केली आणि अकरावर थांबलो. पुढचे आवाज गाडीचे होते की चाकाचे, हे ठरवता येईना.

सर आता हयात नाहीत. तात्यांच्या मळ्यात द्राक्षे नाहीत; तिथे त्यांच्या नातवाचे डाळिंब आहे. रस्ता रुंद झाला, पण कोपरा वाचला आहे. दगड तिथेच, थोडा अधिक खचलेला. सरांच्या पश्चात दर ऑक्टोबरात मी तो रंगवतो, डिंक घालून, त्याच प्रमाणात. विहिरीचा कठडा पक्का आहे. त्याची काळजी नको.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही. तुम्हीही ते स्वतःच्या डोळ्यांनी देऊ शकणार नाही, कारण हे वाचून तुम्ही माझ्यासारखेच निकामी साक्षीदार झाला आहात. म्हणून विनंती एवढीच: हे न वाचलेला कोणी सोबत घ्या. हिवाळ्यात, दिवेलागणीला, सायकलवरून या. त्याला पुढे ठेवा, तुम्ही मागे राहा, वाटेत काही बोलू नका. घरी गेल्यावर चहा द्या आणि दगड किती लागले ते विचारा. तो जे सांगेल ते तसेच लिहून घ्या. त्याला पुन्हा विचारू नका.